निळा शेला, पेटती तलवार

डिचोलीत मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं. तुटक्या दातावर बसवायची कॅप आम्ही बनवतो. सिरॅमिकची पावडर कालवायची, बारीक ब्रशनं थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा आणि शेजारच्या खऱ्या दातांशी जुळेल असा रंग द्यायचा. माणसाचा दात कधी नुसता पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, टोकाला काचेसारखा निळसर, आणि चहाबाज माणसाचा असेल तर मध्ये एखादी तपकिरी रेघ. ती रेघही द्यावी लागते. नाहीतर माणूस हसला की कॅप आधी दिसते.

टीचरची ओळख अशाच एका पुढच्या दातामुळे झाली. पेडण्याच्या डॉक्टरांकडून कॅप परत आली: पेशंटला रंग पसंत नाही. दुसरी पाठवली, तीही परत. शेवटी पेशंट स्वतःच लॅबमध्ये येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे अर्धा पेडणे तालुका त्यांना टीचर म्हणायचा. मीही तेच म्हणू लागले. मी रंग जुळवत असताना त्यांचं लक्ष आरशाकडे नव्हतंच, माझ्या हाताकडे होतं.

"दात ऱ्हवांदी," त्या म्हणाल्या. "हो ब्रश खंय मेळता?"

"कशाला हवा टीचर?"

"राक्षसांचे डोळे काढायचेत."

त्यांच्या चोपडे गावातल्या घरी वरच्या खोलीत एक भाडेकरू होता. कोल्हापूरकडचा तरुण इंजिनीअर, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरीला. त्याला मेजावर खेळायच्या एका खेळाचा नाद. फासे टाकायचे, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं, बुटके, राक्षस, चेटकिणी नकाशावर हलवत एक गोष्ट पुढं न्यायची. इथं नवीन, ओळख ना पाळख, म्हणून त्यानं घरमालक आणि घरमालकिणीलाच खेळायला बसवलं होतं. बाहुल्या सगळ्या करड्या, कारखान्यातून आल्या तशा. टीचरनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, "अशा नागड्या बाहुल्या घेऊन खेळतोस, लाज नाही वाटत?" आणि त्या रंगवायला बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी ब्रश घेऊन त्यांच्याकडे गेले. मी राहते त्या मुळगावहून स्कूटरनं म्हापसा, मग शिवोलीचा पूल, पुलापलीकडं चोपडे. एकदा गेले ती जातच राहिले. टीचरचे यजमान, ज्यांना सगळे भाई म्हणतात, गरम उंडे, म्हणजे गोल कडक पाव, आणून ठेवायचे. चहा व्हायचा. मग आम्ही चौघं नदीकडच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, खेळायला बसायचो. मी एका चोरट्या बुटक्याची भूमिका करायचे. घरी आई विचारायची, "दर आयताराक खंय जातंस?" मी सांगायचे, "चित्रकलेच्या क्लासला." ते अगदीच खोटं नव्हतं.

क्लास खरंच होता. खेळाच्या आधी तासभर टीचर मला शिकवायच्या. रंग पाण्यानं किती पातळ करायचा, सावली कुठं बसवायची, नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका किती छोटा. आणि एके दिवशी त्यांनी पेटलेलं शस्त्र शिकवलं.

मंत्रानं भारलेली तलवार या खेळात फार चालते. ती झळाळती दिसायला हवी. मी आपली पात्यावर पिवळा, पांढरा, केशरी फासून मोकळी झाले होते. टीचरनी बाहुली हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही तलवार नाही गो, आइसफ्रूट आहे."

त्यांनी जनेलाची, म्हणजे खिडकीची, दारं ओढून घेतली. भर दुपारी खोलीत काळोख झाला. देवघरातलं निरांजन आणून मेजावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी एक न रंगवलेली बाहुली उभी केली.

"ज्योत बघू नको. बाहुली बघ. उजेड कुठं पडलाय?"

"गालावर. हाताच्या आतल्या बाजूला."

"आणि कुठं नाही?"

"पाठीवर. टोपीच्या मागं."

"मग? तलवार पेटलीय हे तलवार सांगत नाही. शेजारचा गाल सांगतो. म्हणून आधी आजूबाजूचं सगळं काळं करायचं. छान रंगवलेलं असलं तरी. मग ज्या ज्या गोष्टीचं तोंड तलवारीकडं आहे, तिच्यावर तलवारीचा रंग पातळ पातळ चढवायचा. ज्याला हे जिवावर येतं त्यानं तलवार पेटवायच्या भानगडीत पडू नये."

मी शिकले. लॅबमधला हात होताच. थोड्या महिन्यांत माझ्या तलवारी पेटू लागल्या.

त्याच काळात टीचर स्वतःसाठी एक बाहुली रंगवत होत्या. खेळात त्यांची भूमिका एका योद्धा बाईची होती, आणि ही तिची मूर्ती: उजव्या हातात उगारलेली तलवार, खांद्यावरून मागं सोडलेला लांब झगा. त्याला त्या शेला म्हणायच्या. शेला त्यांनी निळा केला होता. पण कसला निळा! पावसाळा संपल्यावर संध्याकाळी खाडीच्या पाण्याला येतो तसा, वर काळसर, घड्यांच्या उंचवट्यांवर उजळत गेलेला. अगदी पातळ थर देत देत त्यांनी तो आणला होता. आणि काठाला जुईच्या कळ्या. एकेक कळी म्हणजे एक पांढरा थेंब आणि त्याखाली हिरव्याची नखभरसुद्धा नव्हे अशी रेघ. मी दात रंगवणारी बाई, बारीक कामाचं मला कौतुक नाही. पण तो काठ भिंगाखाली पाहिला तेव्हा मी हातातला ब्रश खाली ठेवला होता.

तलवार मात्र त्यांनी करडीच ठेवली होती. मी कधी विचारलं तर म्हणायच्या, "घाई काय आहे?"

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी वर्तमानपत्रातल्या ओळी मधेच वाकड्या दिसू लागल्या, मग त्या ओळींच्या मधोमध एक धुरकट डाग आला, आणि तो वाढत गेला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पुढं म्हणाले की आहे तेवढं राखू या. कडेकडेनं त्यांना दिसायचं. जिथं नेमकं बघायचं तिथं काही नाही. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या तोंड जरा नदीकडे वळवून बसायच्या, म्हणजे मी त्यांच्या कडेला यायचे आणि माझा आकार त्यांना कळायचा. चेहरा नाही. बाहुली तर नाहीच.

रंगांची पेटी त्यांनी मला देऊन टाकली. आणि एका रविवारी, मी निघताना, कापसात गुंडाळलेली ती योद्धा बाई माझ्या हातात दिली.

"हिची तलवार पेटव. निखाऱ्यासारखी, केशरी."

"बरं."

"आणि माझा शेला सांभाळ हं."

मी "हो" म्हटलं. स्कूटर सुरू करता करता म्हटलं, जसं आपण कुणाला "पोचले की फोन करते" म्हणतो तसं. शिवोलीच्या पुलावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही होणं शक्य नाही. तलवार उगारलेली होती ती शेल्याच्या अगदी अंगावर. केशरी उजेड पडणार तो सगळा निळ्यावर, आणि निळ्यावर पातळ केशरी चढवला की चिखल होतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तिथूनच गाडी वळवून विचारायला हवं होतं. मी वळवली नाही.

आधी मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. फक्त पातं रंगवलं. आइसफ्रूट. पात्याजवळच्या गालावर आणि मुठीवर उजेड दिला, शेल्याला हात लावला नाही. आता ती बाई चुलीपाशी वाकल्यासारखी दिसू लागली, आणि मागं शेला दुसऱ्याच कुणाचा असावा तसा थंड निळा. कित्येक दिवस ती बाहुली लॅबमधल्या माझ्या टेबलावर कॅपच्या साच्यांमध्ये उभी होती. मी फोन करून म्हणू शकले असते, "टीचर, शेला जाईल, चालेल का?" एवढंच वाक्य. पण त्या नको म्हणाल्या असत्या तर मला ती तलवार पेटवता आली नसती. आणि खरं सांगायचं तर मला ती पेटवायची होती. टीचरसाठी नव्हे. मला.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. सगळे गेल्यावर मी बसले. उजवीकडचा शेला आधी काळपट तपकिरी केला. एकदा ब्रश टेकवल्यावर मग थांबायचं कारणच नव्हतं. कळ्या गेल्या. त्यांच्यावरून पहिला थर गेला तेव्हा त्या जराशा दिसत होत्या, दुसऱ्या थरात गेल्या. मग किरमिजी, मग केशरी, घडीच्या कडेला पिवळा, पात्याच्या गाभ्यात जवळजवळ पांढरा. मला आठवतं, मी गुणगुणत होते. आपल्या हातून काही चांगलं होतंय हे हाताला आधी कळतं, आणि त्या दुपारी ते कळत होतं. इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता बरेच दिवस. आज त्याचीच जास्त लाज वाटते, रंग चढवल्याच्या लाजेपेक्षा.

संपल्यावर मी ती खिडकीत ठेवली. बाई जिवंत झाली होती. तलवार खरंच धगधगत होती, आणि डावीकडं, जिथं उजेड पोचत नव्हता, तिथं टीचरचा निळा अजून होता, कळ्यांसकट. अर्धा शेला त्यांचा, अर्धा माझा. मग त्यांचं "सांभाळ हं" आठवलं. मी घाईघाईनं माझ्या बाजूच्या काठावर दोन कळ्या काढल्या, केशरी उजेडात दिसतील तशा. चांगल्या जमल्या. पण त्या माझ्या कळ्या होत्या.

रविवारी टीचरनी बाहुली हातात घेतली, तोंड नदीकडे वळवलं, तळहातावर ती इकडं तिकडं फिरवली.

"पेटली?"

"पेटली टीचर."

"आणि शेला?"

"आहे तसा आहे."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. त्या इतक्या हलक्या हातानं तिला धरून बसल्या होत्या की दुसरं काही तोंडातून आलंच नाही. तेव्हा मला वाटलं, मी त्यांना जपतेय. न दिसणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? ज्यांना आता तो निळा कधीच दिसणार नाही, त्यांच्यासाठी तो आहे असं राहिलं तर कुणाचं काय बिघडलं?

टीचरना फार आनंद झाला. तिथंच चुकलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी शिकवलेलं खोटं पाडलंस तू! न विझवता पेटवलंस." मी हसले. त्यांनी भाडेकरूला वरून बोलावून बाहुली दाखवली. बहिणीला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "माझी एक विद्यार्थिनी आहे, तिनं असं काम केलंय जे मला जमलं नसतं." मी समोर बसून उंडा चहात बुडवत होते. तो बुडून तुटला आणि तळाशी गेला. मी तसाच चहा प्यायले.

नंतरचे रविवार मला जड गेले. जायला नको वाटायचं आणि न जाणं त्याहून वाईट. त्या मला पहिल्यापेक्षा जास्त मान देऊ लागल्या होत्या. खेळात माझ्या बुटक्यानं मूर्खपणा केला तरी भाडेकरूला म्हणायच्या, "तिला बोलू नकोस, तिच्या हातात जादू आहे." लॅबमध्ये एखाद्या कॅपला खोटी तपकिरी रेघ देताना हात थबकायचा. खोटं खऱ्यासारखं दाखवायचा मला पगार मिळतो, आणि त्यात आजवर मला काही वावगं वाटलं नव्हतं. पण ज्याच्या तोंडात ती कॅप बसते त्याला तरी ठाऊक असतं.

भाडेकरूला बाहुली पहिल्याच दिवशी दिसली होती, पण टीचरना शेल्याबद्दल मी काय सांगितलं ते त्याला ठाऊक नव्हतं. भाईंनी तिच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं; त्यांना फासे टाकण्यात रस. एके दिवशी खेळाच्या ऐन रंगात योद्धा बाईची पाळी आली. नकाशावरून हलवायला भाईंनी ती उचलली, आणि उन्हाची तिरीप तिच्यावर पडली.

"अरे वा!" भाई म्हणाले. "हे बघा, या अंगानं सगळा शेला केशरी झालाय. आगीत उभी आहे जणू. निळा कुठं शिल्लकच ठेवला नाही पोरीनं. सुंदर!"

ते कौतुकानंच बोलले. भाडेकरू म्हणाला, "तेच तर भारी आहे." कुणीच थांबलं नाही. टीचरनी फासा टाकला. किती पडले ते भाडेकरूनं सांगितलं, त्यांनी पुढची चाल सांगितली, आवाज नेहमीचा. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्या नदीकडे, म्हणजे माझ्याकडे.

खेळ आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "तू जरा थांब." भाई बाहेर झाडांना पाणी घालायला गेले, भाडेकरू वर गेला. आम्ही दोघीच मेजापाशी.

"खरं ना, भाई म्हणाले ते?"

"हो."

"सगळा?"

"उजवीकडचा. टीचर, दुसरा काही मार्गच..."

"मार्ग नव्हता हे मला ठाऊक नाही होय? मीच शिकवलंय. डोळे धड होते तेव्हा तलवार मी का पेटवली नाही, वाटतं तुला? माझ्यानं त्या शेल्यावर ब्रश टेकवला नसता. म्हणून तुला दिली. सांभाळ म्हटलं, ते राहवलं नाही म्हणून म्हटलं. शेला राहणार नाही असं तू सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, जाऊ दे गो, चढव रंग."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांची भाषा बदलली, घरातली झाली.

"रंगाचा माका काय नाय. पण मी तुका इचारलं ना? शेलो कसो आसा म्हणान इचारलं. डॉक्टरान सांगल्यान तेव्हासुदिक माका असां वाटला नाय. आज वाटला, मी आंधळी झालंय."

मी "चुकलं टीचर" म्हटलं. ते त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "आता सांग. कशी आहे ती. पहिल्यापासून सांग."

मी बाहुली हातात घेतली आणि सांगू लागले. पात्याचा गाभा, त्याच्या कडा, गालाच्या हाडावर किती उजेड आहे, डोळ्याच्या खोबणीत किती काळोख. मुठीच्या बोटांमधल्या फटी लाल ठेवल्यात. शेल्याची कुठली घडी कुठल्या रंगाला येते आणि पाठीवर नेमकी कुठं केशरीची धार संपून त्यांचा निळा सुरू होतो. त्या मधेच विचारायच्या, "तिथं किरमिजी का? थेट केशरी का नाही?" मी कारण सांगायचे. एकदा "बरोबर" म्हणाल्या. तेवढ्यानं मला रडू आलं, पण मी आवाज सांभाळला.

"आणि कळ्या?"

"डावीकडच्या सगळ्या आहेत. उजवीकडच्या गेल्या." मग मी थांबले. हेही लपवता आलं असतं. "उजवीकडं दोन आहेत, त्या मी काढल्यात."

"कशाला?"

"तुमच्या वाटाव्यात म्हणून."

बाहेर भाईंच्या बादलीचा आवाज येत होता.

"त्या पूस," त्या म्हणाल्या. "जे गेलं ते गेलेलं दिसू दे."

पेटी दिली तेव्हा मी त्यांच्यापाशीच ठेवायला लावलेला एक जुना ब्रश आणि थोडे रंग त्यांच्या कपाटात अजून होते. मी तिथंच बसून केशरी कालवला आणि माझ्या दोन्ही कळ्यांवरून फिरवला. त्या शेजारी बसून होत्या, तोंड बाजूला करून, हात मेजावर ठेवून. मी "झालं" म्हटल्यावर त्यांनी बाहुली मागून घेतली, रंग ओला असेल म्हणून फक्त तळाशी धरली, आणि कापसात ठेवली.

मला वाटलं होतं त्या आता ये म्हणणार नाहीत. पण शुक्रवारी त्यांचा फोन आला, नेहमीसारखा: येताना म्हापशाहून भाईंच्या चष्म्याला नवी काडी घेऊन ये. मी गेले. खेळ झाला. माझ्या हातातल्या जादूचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि ते बरंच झालं.

मी अजूनही जाते. टीचर माझ्यावर रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कधीतरी राग गेला असता. त्या प्रेमानं बोलतात, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, पोह्यांत माझ्यासाठी मिरची कमी घालतात. फक्त एक गोष्ट बदलली आहे. गेल्या महिन्यात भाडेकरूनं त्यांच्यासाठी नवा ड्रॅगन आणला, मी तो रंगवून नेला. त्यांनी विचारलं, कसा झालाय? मी सगळं सांगितलं. पंखाखाली साच्याची रेघ घासायची राहिलीय, शेपटीवर रंग जाड बसलाय, डावा डोळा जरा वर गेलाय, नखं मला जमलीच नाहीत.

त्या हसल्या. "पुरे गो. इतका वाईट असेल तर फेकून दे त्याला."

मीही हसले. मग त्यांनी ड्रॅगन उचलला, भाईंच्या दिशेनं धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा बघू, कसा दिसतो?"

भाई सांगू लागले. मी कपबशा उचलून आत गेले.